बँक बुडाली की वरच्यांना आत टाकावं का?

टाकावं, पण बँक बुडाली म्हणून नाही. बुडतेय हे ठाऊक असून लपवलं, म्हणून.

तुम्ही विचारलंय 2008 च्या मंदीबद्दल, की अमेरिकेतल्या बड्या बँकांच्या साहेबांना जबाबदार धरून शिक्षा व्हायला हवी होती का. माझी नोकरी जालना-परभणीकडच्या सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात गेली. त्यामुळे मला ते प्रकरण आमच्या पतसंस्थांच्या चष्म्यातूनच दिसतं.

धंद्यात पैसा बुडतोच. पाऊस गेला, सोयाबीन गेलं, कर्ज थकलं. यात मॅनेजरचा काय गुन्हा? त्याला बेड्या घातल्या तर पुढचा मॅनेजर साध्या शेतकऱ्याच्या कागदावर सहीच करणार नाही. (आज तरी कुठे पटकन करतो म्हणा.)

लबाडी निराळी. 31 मार्च जवळ आला की 'नवं-जुनं' सुरू होतं. चेअरमनच्या मेव्हण्याचं थकलेलं कर्ज संस्थेच्याच पैशातून भरल्याचं दाखवायचं आणि लगेच त्याच्याच नावावर वाढीव कर्ज काढायचं. ताळेबंद स्वच्छ, ऑडिट वर्ग 'अ', बाहेर जादा व्याजाचा बोर्ड. शेतकऱ्याच्या पीककर्जाचं नवं-जुनं यात धरू नका. तो बिचारा सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणून भरतो.

अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेनं यापेक्षा फार वेगळं काय केलं? तिमाही संपत आली की 'रेपो 105' नावाच्या व्यवहारानं कर्जाचा बोजा तेवढ्यापुरता ताळेबंदातून काढायचा, तिमाही उलटली की परत घ्यायचा. 2008 च्या मध्याला ही रक्कम जवळपास 50 अब्ज डॉलर होती. सप्टेंबरात बँक कोसळली. दिवाळखोरीच्या चौकशीत हे सगळं बाहेर आलं, तरी तिथल्या वरिष्ठांपैकी कुणावर फौजदारी खटला चालला नाही. हे मला पटत नाही.

आइसलँडनं मात्र खटले चालवले. काउपथिंग बँकेनं एका कतारी शेखाला कर्ज देऊन त्यातून स्वतःचेच शेअर घ्यायला लावले आणि बाहेरून मोठा गुंतवणूकदार आल्याचा आव आणला. तिच्या मुख्य अधिकाऱ्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. बँक बुडाली हा त्याच्यावरचा आरोप नव्हता. बाजाराला फसवलं, हा होता.

पण तुरुंगानं ठेवीदाराच्या हातात काय पडतं? लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकलेल्या माणसाला चेअरमनचा पोलीस गाडीतला फोटो पाहून दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी तो रक्कम विचारतो. आपल्याकडे 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा, एमपीआयडी, आहे. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करून, विकून ठेवीदारांना वाटता येते. सहकार कायद्याच्या कलम 88 खाली नुकसान संचालकांच्या अंगावर बसवता येतं. मात्र जप्तीचा आदेश निघेपर्यंत प्लॉट बायकोच्या, भाच्याच्या नावावर गेलेले असतात. म्हणून अटकेआधी जप्ती, हा माझा क्रम. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमाकवचही नसतं, त्यामुळे वसुली हाच एक आधार.

आणि रोखपाल, शाखाधिकारी यांना पुढे करून संचालक मंडळ सुटतं, तेही थांबायला हवं. कर्ज मंजुरीचा ठराव मंडळाचा असतो. क्लार्क फक्त व्हाउचर लिहितो.

राहिले आमचेच भाऊबंद, लेखापरीक्षक. ज्या संस्थेचं दप्तर तपासायचं तिच्याकडूनच फी घ्यायची आणि सर्वसाधारण सभेत नाव सुचवणार चेअरमनच. अमेरिकेतही पतमानांकन कंपन्यांना पैसे देत होत्या त्या रोखे काढणाऱ्या बँकाच, आणि बुडीत घरकर्जांच्या रोख्यांवर 'एएए', म्हणजे सर्वांत सुरक्षित, असं छापून मिळत होतं. शिक्षेच्या माझ्या यादीत चेअरमननंतर लगेच असल्या सह्या करणारे येतात.