गाडीच्या दारावरचं कोडचं कीपॅड उपयोगी असतं का? पुण्यात बाहेरून बसवून घ्यावं का?

उपयोगी असतं, पण त्यासाठी नव्या गाडीची वायरिंग कापून घेण्याइतकं नाही. फोर्डने १९८० पासून अमेरिकेतल्या गाड्यांत हे दिलं: पाच बटणं, पाच आकडी कोड. कोडने दार उघडतं, इंजिन सुरू होत नाही. किल्ली आत राहिली, किंवा टिळक तलावावर पोहायला जाताना रिमोट सोबत नको असला, की त्याची खरी किंमत कळते. घरच्यांनाही वेगळी किल्ली द्यावी लागत नाही. मात्र गाडीची बॅटरी उतरली की कीपॅडही बंद. तेव्हा साधी किल्लीच लागते. शिवाय स्मार्ट की (खिशात असली तरी गाडी ओळखते अशी किल्ली) आत असेल तर बऱ्याच गाड्या लॉकच होत नाहीत, ते आधी तपासा. वॉरंटीचं शोरूमला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.