ताई, माझा विश्वास थंड झालाय का?

पत्र थोडक्यात असं आहे. "ताई, मी २७ वर्षांची आहे, नोकरी करते. रात्री साडेदहाला बायबलचं ॲप उघडते, एक अध्याय वाचायचा म्हणून, तेवढ्यात वरून कुठलंतरी नोटिफिकेशन येतं आणि मग दीड कधी वाजतो कळतच नाही. सकाळची प्रार्थना राहूनच जाते, रविवारी उपदेशात डोळे मिटतात. नाईट मोड लावून बघितला, काही फरक नाही. कोणीतरी म्हणालं की येशू रात्रभर प्रार्थना करायचा आणि तुम्ही रात्रभर रील्स बघता, ते ऐकून खूप रडले. देव रागावला असेल का माझ्यावर?"

अगं, आधी डोळे पूस. ज्यांनी तुला ते ऐकवलं त्यांनी बायबलमधला लूकचा सहावा अध्याय वाचलाय पण मार्कचा चौथा बहुतेक नाही वाचलेला. लूकमधली ती रात्र बारा प्रेषित निवडायच्या आदली आहे, येशूची रोजची दिनचर्या नव्हे. आणि मार्कमध्ये तोच येशू वादळात, नावेत पाणी शिरत असताना, उशी घेऊन चक्क झोपलाय, शिष्यांनीच त्याला उठवलं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात विश्वास थंड झालेला माणूस कुठे दिसला नाही गं, मला दिसली ती झोप न झालेली मुलगी. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते, तू दीडला झोपून नोकरीसाठी सहा-साडेसहाला उठत असशील तर पाचच्या आसपास होते, तेही रोज. अशा डोक्याने प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत, चिडचिड होते, सगळं कोरडं वाटतं आणि आपण त्याला आत्मिक नाव देऊन मोकळे होतो. एलीया संदेष्ट्याचं आठव, बायबलमधलं १ राजे, अध्याय १९. तो झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, आता मला मरू दे. देवाने त्याला लेक्चर दिलं का? झोपू दिलं, देवदूताकडून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्याच्या नंतर.

आता नाईट मोडचं. स्क्रीनच्या निळसर उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, दबतं हे खरंच आहे. पण २०१४ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, १२ जणांना झोपायच्या आधी काही रात्री चार-चार तास टॅबलेटवर वाचायला दिलं, तर कागदी पुस्तकापेक्षा झोप लागायला साधारण दहाच मिनिटं जास्त लागली. तुझे तर तीन तास जातायत! म्हणजे नाईट मोडने स्क्रीन पिवळा करून काय होणार, चोर दुसराच आहे. रील्सना शेवटचं पान नसतं. पुस्तकाचा अध्याय संपतो, इथे थांबायची जागाच ठेवलेली नाही आणि ते मुद्दाम तसंच बनवलेलं आहे. दमलेल्या माणसाकडे स्वतःला थांबवायला जेवढा जोर लागतो तेवढा रात्री अकराला उरलेला नसतो, म्हणून रोज रात्री शपथ घेणं बंद कर, शपथ मोडली की दोष वाटतो आणि दोष वाटला की आपण परत फोनच उघडतो (हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतेय, माझाही फोन कित्येक वर्षं उशीखालीच होता).

तर बायबल आणि रील्स एकाच खिडकीतून येतायत ना, ती खिडकीच बदल. कागदाचं बायबल काढ, धूळ झटक. वाचन रात्रीच हवं असा नियम कोणी केलाय, संध्याकाळी घरी आल्या आल्या दहा मिनिटं वाच, डोकं जागं असताना. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर लाव आणि अलार्मसाठी साधं घड्याळ घे, नाहीतर अलार्मच्या नावाने फोन परत आत येतो. पहिले तीन-चार दिवस हात उशीखाली चाचपडेल, माझा चाचपडायचा. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून मंद उजेडात बस, पडल्या पडल्या झगडू नको. आणि हो, प्रार्थनेचा ग्रुप रात्री म्यूट कर. चाळीस मेसेजना आमेन टाकणं म्हणजे मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली, प्रार्थना नाही, सकाळी एकदम बघितलंस तरी प्रभूला उशीर होत नाही.

एक मात्र स्पष्टच विचारते. दिवसभरात फक्त तुझा असा वेळ रात्रीचा तो फोनचाच आहे का? तसं असेल तर नुसता फोन काढून चालणार नाही, दिवसातच कुठेतरी अर्धा तास स्वतःसाठी काढावा लागेल, नाहीतर रात्र तो वसूल करतेच. आणि फोन बाहेर ठेवूनही तीन-चार आठवडे झोप आली नाही, किंवा मन सारखं उदासच राहिलं, तर डॉक्टरांना दाखव. ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही.

सवय लागेपर्यंत रविवारी डुलकी लागली तर लागू दे. प्रेषितांची कृत्ये २० मधला युतुख माहितीये ना, पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि हा खिडकीत बसल्या बसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली गेला, त्याला मिठी मारली, हा जिवंत आहे म्हणाला. झोपलास का म्हणून रागावल्याचं मला तरी तिथे कुठे सापडलं नाही.