बुदुआर शूटमध्ये क्लायंट लाजून ताठ होते, तिला पोझ कशी द्यायची?

तुम्ही लिहिलंय की लग्नाचे फोटो बरीच वर्षं काढताय, आता पहिलंच बुदुआर शूट (बेडरूममध्ये, कमी कपड्यांत काढायचे बाईचे खाजगी फोटो) घेतलंय आणि ट्रायलला क्लायंट लाकडासारखी ताठ बसली. मी पुण्यात हेच काम करते, फक्त बायकांचं, आणि माझा अनुभव असा की ती ताठ होते ते कपडे कमी आहेत म्हणून नाही, हातांचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. आपण नुसतं "रिलॅक्स व्हा" म्हणत राहतो आणि ते ऐकून माणूस अजूनच आखडतं.

म्हणून मी आधी स्वतः करून दाखवते. बेडच्या कडेला बसते, एक पाय पोटाशी घेते, एक हात मागे टेकवते, दुसरा मानेवर, आणि म्हणते आता तुम्ही करा. तिच्या अंगाला हात लावून पोझ सुधारायची नाही, केसांची बट बाजूला करायची असली तरी आधी विचारायचं. बोटं नुसती टेकलेली हवीत, दाबली की खळगा पडतो. दंड अंगाला घट्ट चिकटला की रुंद दिसतो, मध्ये थोडी फट ठेवा. हनुवटी किंचित पुढे आणि मग जराशी खाली, पायाची बोटं ताणलेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठा श्वास घ्यायला सांगा आणि ती सोडत असताना क्लिक करा, तेव्हा कानापर्यंत चढलेले खांदे आपोआप खाली येतात, ओठ सैल होतात, तो फोटो खरा येतो.

सेटिंग बदलताना गप्प बसू नका. तुम्ही कपाळाला आठ्या घालून स्क्रीन बघत असता आणि तिला वाटतं मी वाईटच दिसतेय. "लाइट कमी पडतोय, तुमचं मस्त चाललंय" एवढं बोललात तरी पुरे. पहिला चांगला फोटो आला की लगेच तिला दाखवा.

माझ्या हातून सुरुवातीला एक मोठी चूक झाली होती. एका ताईंना मी सहज म्हटलं "पोट जरा आत घ्या" आणि त्यांचा चेहरा जो मिटला तो शूट संपेपर्यंत उघडलाच नाही. त्यानंतर ते वाक्य मी कधीच वापरलं नाही. मागच्या वर्षी एक बँकेत काम करणाऱ्या ताई आल्या होत्या, सिझेरियनच्या टाक्यांवर त्यांचा हात सारखा जायचा, मी काढायला सांगितलाच नाही, म्हटलं राहू द्या तिथेच, फक्त बोटं सैल सोडा आणि खिडकीकडे बघा. त्यांनी अल्बमच्या कव्हरसाठी तोच फोटो निवडला.

आता तयारीचं. शूटच्या आधी दोनेक तास सैल कुर्ता घालायला सांगा, इलॅस्टिकचे वळ लवकर जात नाहीत. एसी बंद, नाहीतर अंगावर आलेला काटा फोटोत दिसतो. पहिली वीस मिनिटं पूर्ण कपड्यांत, मोठा पांढरा शर्ट किंवा एखादी जुनी मऊ साडी. फ्लॅश मी वापरत नाही, प्रत्येक वेळी दचकायला होतं. पातळ पडद्याची खिडकी बाजूला ठेवते, ५० एमएम लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ २ च्या आसपास. ८५ एमएमला आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोल्या पुरत नाहीत. ३५ एमएमने फार जवळ जाऊ नका, लेन्सच्या जवळ जे येईल ते मोठं दिसतं, मग तो गुडघा असो नाहीतर मांडी.

आणि हे मनावर घ्या, फोटो कुठे ठेवणार, कोण एडिट करणार, कधी डिलीट करणार हे लिहून द्या, शूटच्या आधी, चहा पिताना शांतपणे वाचू द्या. पोर्टफोलिओत टाकायची परवानगी वेगळी घ्या, फी कमी करतो म्हणून मागू नका. संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अंगाचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण कायद्याच्या आधी तिचा जीव शांत होतो तो त्या कागदाने, अर्धा ताठपणा माझ्या खोलीत तिथेच उतरतो.

तुम्ही पुरुष असाल तर तिला बहीण किंवा मैत्रीण सोबत आणायला तुम्हीच आधी सुचवा, तिने विचारायची वाट बघू नका. आणि खोलीची कडी आतून लावायची की नाही हे तिला ठरवू द्या.