ॲपवर भाडं दिसत असतानाही पुण्यातले चालक ‘मीटरने द्या’ का म्हणतात? किराणा आणि ईव्हीतही असंच काही बदलतंय का?

कारण तुमच्या भाड्यात ॲपवाल्यांचा वाटाच आता बऱ्याच ठिकाणी उरलेला नाही. मी कर सल्लागार आहे. रिटर्न भरायला बरेच रिक्षा-कॅबवाले माझ्याकडे येतात, त्यामुळे हा बदल मला आधी त्यांच्या हिशेबात दिसला.

पूर्वी कंपनी प्रत्येक फेरीमागे कमिशन कापायची. २०२२ च्या अखेरीस बंगळुरूत ‘नम्म यात्री’ हे रिक्षा बोलवायचं ॲप कमिशन न घेता सुरू झालं, पुढे त्यांनी रिक्षावाल्यांसाठी दिवसाची ठरावीक फी ठेवली. रॅपिडो त्याच वाटेने गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने रिक्षांसाठी कमिशन सोडलं, जूनमध्ये ओलानेही. फी भरली की भाडं चालक आणि प्रवासी यांच्यातलं. ॲपवरचा आकडा मग नुसता अंदाज ठरतो, आणि तो बहुधा सरकारी दराखाली असतो. पुण्यात २०२२ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. एसी कॅबला २०२४ पासून ३७ आणि २५. चालक या दरावर अडून बसतो यात मला गैर वाटत नाही. गैर हे की प्रवाशाला ते गाडीत बसल्यावर कळतं.

खरी मेख जीएसटीत आहे. ॲपवरच्या प्रवासाचा कर कंपनीने भरायचा, असा नियम. ‘आम्ही फक्त सॉफ्टवेअर देतो’ म्हटलं की ही जबाबदारी टळते का? कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने (कर लागेल का, हे जिथे आधीच विचारता येतं ती यंत्रणा) नम्म यात्रीच्या बाबतीत टळते म्हटलं आणि उबरच्या बाबतीत नाही! असे निकाल अशिलाला समजावून सांगताना माझीच पंचाईत होते.

किराण्यात वारं नेमकं उलट दिशेने वाहतंय. कॅबच्या ॲप कंपन्या हात काढून घेताहेत, तर ब्लिंकिट या झटपट किराणा ॲपची मालक इटर्नल २०२५ मध्ये परदेशी भागभांडवल निम्म्याखाली आणून, दुसऱ्या विक्रेत्यांचा माल पोचवण्याऐवजी स्वतःचाच माल विकायच्या मागे लागली. विदेशी मालकीच्या ऑनलाइन कंपनीला ते करता येत नाही, म्हणून हा खटाटोप. माल स्वतःचा असला की नफाही हातात राहतो. डन्झोसारखे घरपोच सामान देणारे जुने खेळाडू मात्र गेले.

आणि ईव्ही? तिथे गाडी विकणारेच किलोमीटरमागे पैसे घ्यायला लागलेत. एमजी विंडसर ही इलेक्ट्रिक कार सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती ९.९९ लाखांना, पण बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळं. बॅटरीसकट घ्यायची तर तेव्हा साधारण साडेतेरा लाख. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे एक लाख किलोमीटरचं भाडं. दिवसभर पळणारी गाडी ते दोन-अडीच वर्षांत गाठते, तिला बॅटरी विकतच घ्यावी. घरची गाडी महिन्याला आठशे किलोमीटर धावत असेल तर दहा वर्षं लागतील, तिथे भाडं परवडावं. पण काही फायनान्सवाले महिन्याला किमान ठरावीक किलोमीटरचे पैसे गाडी उभी असली तरी घेतात. सही करण्याआधी करारात तो आकडा शोधा आणि आपल्या गेल्या वर्षीच्या रनिंगशी ताडून बघा.