आईवडील दोघेही नाहीत, कॉलेजची फी कशी भरू?

भाऊ, मामाकडे वाढलास, सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याचे 2250 रुपये अठरा पूर्ण होताच थांबले, अन् आता इंजिनिअरिंगसाठी कॉलेज फी मागून राहिलं, असं तू लिहिलंस. ही अडचण चांगलीच ओळखीची आहे.

फी माफ व्हायला अनाथ प्रमाणपत्र लागतं, अन् बालसंगोपनाचा आदेश म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. एक पालक जिवंत असला तरी बालसंगोपन मिळतं; प्रमाणपत्राला दोघंही तू अठराचा व्हायच्या आत गेलेले लागतात. 6 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे तू ‘संस्थाबाह्य’ गटात येतोस, म्हणजे संस्थेत नाही तर नातेवाइकांकडे वाढलेला अनाथ. 2024-25 पासून या गटातल्या मुलामुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यात शिरलास तर विसर.

प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. प्रमाणपत्र विभागीय उपायुक्तांकडून येतं, म्हणजे यवतमाळवाल्यांना अमरावतीहून, चंद्रपूरवाल्यांना नागपूरहून.

गाडी अडते ती मृत्यूच्या दाखल्यांवर. माणूस घरी गेला की नोंद करायचं राहून जातं, अन् वर्ष उलटलं की ग्रामसेवकाच्या हातात काही उरत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. नोंद असली तरी दाखल्यावर रामभाऊ, टीसीवर रामदास! हे आधी निस्तर.

आता खरी डोकेदुखी. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण दोन्ही मृत्यूचे दाखले समोर असताना बाबू म्हणतो, “वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आणा.” बाप्पा, कुठून आणायचा? पोरगं मुकाट्यानं परततं, पुन्हा जातं, तोवर कॅपची मुदत सरते. माझं ठाम मत : तोंडी नकार घेऊन पायरी उतरायचीच नाही. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक अन् तारखेचा शिक्का घ्यायचा, त्रुटी असेल तर लेखी मागायची. शिक्का पडला की कागदाला पाय फुटतात.

फीमाफीसाठी महाडीबीटीत (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) अर्ज भरताना आई हयात, वडील हयात या दोन्ही ठिकाणी ‘नाही’ निवड. मामाला बापाच्या रकान्यात घालू नको. नियम बदलत राहतात, तेव्हा चालू वर्षाचा निर्णय कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात पाहून घे.

जाता जाता : माफीचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मोबाईलच्या दुकानात सिमसोबत कोणी खातं उघडून दिलं असेल तर तेही तपास. आणि मेसचा खर्च या माफीत नाही, त्याची सोय वेगळी बघ.