लोडर उचलेना? रिलीफ व्हॉल्व्हला पाना लावायच्या आधी जरा थांबा

वाचकांचे प्रश्न : ट्रॅक्टर आणि हायड्रोलिक

प्रश्न : आमच्याकडं २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. घेतला उसाच्या भरणीसाठी, पण गोठ्यात बारा म्हशी, शेण रोजचंच, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं पुढं लोडर बसवून घेतला. पहिलं वर्ष नाद खुळा चालला. आता सकाळी पहिल्या दहा-बारा बकेटा झटक्यात उचलतोय आणि तासाभरानं तेच वजन अर्ध्यात नेऊन थांबतोय, रेस दिली की जरा वर जातोय. गावातला मिस्त्री म्हणतोय रिलीफ व्हॉल्व्ह दोन आटे आवळू, दुसरा म्हणतोय मोठा पंप टाका. कुणाचं ऐकावं? – एक वाचक, कागल तालुका

उत्तर : तूर्तास दोघांचंही नको. निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. थंड असताना उचलतोय, तापल्यावर नाही, आणि रेस दिली की पुन्हा वर जातोय, म्हणजे ऑइल कुठंतरी आतल्या आत निसटतंय. तापलं की ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतनं जास्त पळतं, रेस वाढवली की पंप जास्त ऑइल ढकलतो आणि गळती भरून काढून वर थोडं उरतं, तेवढ्यावर बकेट चढतं. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे प्रेशर ठरलेल्या आकड्यावर गेलं की ऑइल टाकीकडं सोडून देणारा व्हॉल्व्ह, त्याचं सेटिंगच कमी असतं तर सकाळी पण उचलला नसता की.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, प्रेशरवर ताकद ठरते आणि ऑइल किती येतंय त्यावर वेग. ५० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जॅकला, म्हणजे बकेट उचलणाऱ्या हायड्रोलिक सिलिंडरला, १५० बार (बार हे प्रेशरचं माप) मिळाले की एकेक जॅक साधारण तीन टन जोर लावतो (जॅक आर्मच्या, म्हणजे बकेट धरणाऱ्या दांड्यांच्या, बुडाशी असतो म्हणून बकेटपाशी त्यातले काहीशे किलोच उरतात). मोठा पंप टाकला तर बकेट भरभर वर जाईल, जास्त वजन उचलणार नाही. शिवाय सक्शनचा पाइप जुनाच बारीक राहिला तर नवा पंप ऑइल ओढता ओढताच मरेल.

आता क्रमानं बघा. आधी डिपस्टिक. तुमच्या मिनीला बहुतेक गिअर आणि हायड्रोलिकचं ऑइल एकाच पोटात असणार, आणि लोडरचे जॅक, होस पाइप हे सगळं त्यातलंच ऑइल पितात. लोडर बसवताना वर ऑइल टाकलं होतं का, हे त्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, बरेच जण विसरतात. लेव्हल कमी असली की उतारावर पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि आर्म थरथरत वर जातो. ऑइल ताकासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय, आपल्याकडच्या पावसात ट्रॅक्टर चार महिने उघड्यावर उभा असला की हे होतंच. बदलताना पुस्तकात लिहिलेलंच ट्रान्समिशन ऑइल घ्या, स्वस्त मिळतंय म्हणून ६८ नंबरचं साधं हायड्रोलिक ऑइल ओतू नका, त्याच ऑइलवर गिअर आणि ऑइलमधले ब्रेक पण चालतात.

मग स्ट्रेनर, म्हणजे पंपाकडं जाणारं ऑइल गाळणारी जाळी, काढून धुवा, फिल्टर बदला. पंपातनं डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर स्ट्रेनर चोंदलाच आहे म्हणून समजा. क्विक कपलर (होस झटक्यात जोडायचा-सोडायचा जोड) पूर्ण आत बसलाय का ते पण बघा, अर्धवट बसलेला कपलर म्हणजे अर्धवट उघडलेला नळ.

एवढं करून फरक नाही पडला तर प्रेशर मोजायचं गेज. २५० बारचं ग्लिसरीन भरलेलं गेज बकेट जॅकच्या (बकेट वळवणाऱ्या जॅकच्या) लाइनला टी टाकून लावायचं, आर्म खाली टेकवायचे, बकेट पूर्ण वळवून शेवटाला न्यायचं, फुल रेसला लिव्हर चार-पाच सेकंद धरायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. सकाळी एकदा, तासभर काम करून पुन्हा एकदा. दोन्ही वेळा पुस्तकातल्या आकड्याजवळ आला तर पंप आणि रिलीफ दोघंही निर्दोष, चोर आर्म उचलणाऱ्या लिफ्ट जॅकमध्ये नाहीतर तुमच्या वजनात. गरम झाल्यावर आकडा पडला तर पंप, व्हॉल्व्ह किंवा खुद्द बकेट जॅकचं सील. बकेट जॅक वगळायला तीच टेस्ट लिफ्ट जॅकच्या लाइनवर, आर्म पार वर नेऊन करा, पण तेव्हा आर्मखाली कुणी उभं राहायचं नाही.

जॅकचं सील तपासायची रीत अशी. बकेट उतरवा, आर्म अगदी शेवटपर्यंत खाली न्या, इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडं हलवा म्हणजे अडकलेलं प्रेशर निघेल. मग जॅकच्या बुडाकडचा होस सोडून होसला प्लग मारा आणि इंजिन चालू करून लिव्हर 'खाली' ला धरा. जॅकच्या उघड्या तोंडातनं थोडं साठलेलं ऑइल येईल ते येऊ दे, पण धार चालूच राहिली तर पिस्टनचं सील गेलंय.

इथं एक गैरसमज आमच्या धंद्यातल्या लोकांना पण असतो. उचलून ठेवलेलं बकेट आपोआप खाली येतंय म्हणून थेट सील किट बदलतात, आणि बकेट उतरायचं काही थांबत नाही. लिव्हर मधोमध असताना जॅकच्या दोन्ही बाजू बंद असतात. सील गेलं तरी दांडी आत यायची तर तिच्यापुरतं ऑइल बाहेर पडायला वाट पाहिजे, आणि ती वाट व्हॉल्व्हच्या झिजलेल्या स्पूलमधनंच (लिव्हरनं मागंपुढं सरकणाऱ्या आतल्या दट्ट्यामधनं) मिळते. तेव्हा बाहेर कुठं गळत नसेल तर उतरतंय ते स्पूलमुळं आणि उचलत नाही ते सीलमुळं किंवा पंपामुळं, असं धरून चाला.

आणि ड्रायव्हर कोण आहे ते पण बघा! बकेट पार वर गेल्यावरही लिव्हर ओढून धरायची सवय लई जणांना असते, तो 'कुंईं' आवाज येतो ना, तेव्हा रिलीफमधनं सगळं ऑइल फिरत असतं. मिनिटाला २० लिटरचा पंप १५० बारला असा धरून ठेवला तर ५ किलोवॉट, म्हणजे हजार वॉटच्या पाच इस्त्र्या तुमच्या ऑइलमध्ये बुडवून ठेवल्यासारखं. तासाभरात तापणार नाही तर काय होणार?

रिलीफ आवळायचं म्हणाल तर गेज न लावता कुणालाही हात लावू देऊ नका. माझ्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक ट्रॅक्टर आला होता, कुणीतरी रिलीफच्या स्प्रिंगमागं दोन वायसर घातले होते. मालक सांगत होता पंधरा दिवस जेसीबीसारखा उचलत होता, सोळाव्या दिवशी लोडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट कातरले. १५० चे १८० बार केले की जोर २० टक्के वाढतो, पण तो जोर होस, पंप, वेल्डिंग आणि पुढचा एक्सल सगळ्यांनाच सोसावा लागतो.

तुमचं बकेट केवढं आहे ते लिहिलं नाहीत. ४ फूट रुंद, दीड फूट खोल, दीड फूट उंच असेल तर त्यात साधारण २५० लिटर मावतं, ओलं शेण भरलं तर सव्वादोनशे-अडीचशे किलो, पण तेच बकेट ओल्या वाळूत घातलं तर ५०० किलोच्या आसपास. वर लोखंडाचं वजन वेगळं. मागची चाकं हलकी होऊन घसरत असतील तर लोडर कमजोर नाही, ट्रॅक्टर मागनं हलका आहे. २०० लिटरचं बॅरल अर्धं कापून काँक्रीट भरलं की साधारण २४० किलोचा ठोकळा होतो, भरायच्या आधी ट्रॅक्टरच्या मागच्या तीन पॉइंटला जोडायच्या पिन त्यात नीट बसवून घ्या. मागच्या टायरात पाणी भरलं तरी मागचं वजन वाढतं, पण पुढच्या एक्सलवरचा भार कमी करायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागं लटकलेलंच पाहिजे.

प्रश्न : लोडर बसवल्यापासून मागची लिफ्ट उठतच नाही, नांगर जमिनीवरच. बिघडली का? – एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : लिफ्ट बहुतेक ठणठणीत असेल, जोडणी चुकलीय. अशा ट्रॅक्टरचा पंप सतत ऑइल फिरवत असतो, ते आधी लोडरच्या व्हॉल्व्हमधनं जाऊन मग मागच्या लिफ्टला पोचलं पाहिजे. त्यासाठी व्हॉल्व्हला पॉवर बियाँड नावाचं वेगळं तोंड लागतं. तुमच्याकडं ते नसणार आणि सगळं ऑइल सरळ टाकीत परत जात असणार. काही जण मग टाकीकडं जाणारा पाइपच लिफ्टला जोडतात. तसं अजिबात करू नका, लिफ्टनं वजन घेतलं की तेच प्रेशर व्हॉल्व्हच्या परतीच्या बाजूला उलटं येतं, ती बाजू तेवढ्यासाठी बनवलेली नसते आणि व्हॉल्व्ह फुटतो. बऱ्याच व्हॉल्व्हना पॉवर बियाँडची स्लीव्ह वेगळी मिळते, मॉडेल नंबर घेऊन दुकानात जा.

प्रश्न : होसमधनं बारीक फवारा उडतोय, नेमका कुठनं ते दिसत नाही, हात लावून शोधू का? तोवर टेप गुंडाळलीय. – एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : हात अजिबात नको, हातमोजा घालून पण नको. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातनं येणारं ऑइल कातडीच्या आत घुसतं, वरनं नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो, फार दुखत पण नाही, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येते. असं कुणाला झालंच तर घरी हळद लावत बसू नका, त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठा आणि 'हायड्रोलिक ऑइल आत गेलंय' हे शब्द डॉक्टरांना सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवा, ओला होईल तिथं छिद्र. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून प्रेशर सोडा, मग टेप काढून टाका आणि होस काढून उद्यमनगर नाहीतर शिरोलीला घेऊन या, तारेच्या दोन जाळ्यांचा नवा होस मशीनवर प्रेस करून तासाभरात मिळतो. आणि फवारणीच्या पंपाचा पाइप क्लॅम्प मारून बसवायचं कुणी सुचवलं तर त्याला म्हणावं, आधी तूच त्या लोडरशेजारी उभा राहा.