‘आवृत्ती’ नव्हे, वाण!

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिच्या सॉफ्टवेअर कंपनीत पतसंस्थांचा प्रोग्रॅम आता ‘प्रॉडक्ट लाइन’ पद्धतीवर, म्हणजे सामाईक भाग एकच ठेवून त्यावर गिऱ्हाइकागणिक वेगळेपण बसवायच्या पद्धतीवर, न्यायचा आहे, तोही एकदम नाही, थोडा थोडा. टिपणात ‘क्रमिक अंगीकार’ लिहावं की ‘टप्प्याटप्प्यानं’?

सांगतो. पण त्याच टिपणात खाली ‘खानापूर आवृत्ती’, ‘गोकाक आवृत्ती’, ‘निपाणी आवृत्ती’ दिसलं आणि डोकं फिरलं. हल्ली जो उठतो तो ‘गिऱ्हाइकासाठी नवीन आवृत्ती करूलालोय’ म्हणतो. अहो, आवृत्ती म्हणजे तेच पुन्हा येणं. दुसरी आली की पहिली जुनी होते. खानापूरच्या सोसायटीला पावती मराठी-कन्नड दोन्हींत हवी, गोकाकच्या सोसायटीला नुसती कन्नड. यात जुनं कोण? दोन्ही एकाच वेळी नांदतात. त्याला शेतकऱ्याच्या तोंडी रोजचा शब्द आहे: वाण. शाळूचा मालदांडी वाण म्हणतो ना, तोच.

संक्रांतीचं वाण बाजूला ठेवा, ते ‘वायन’वरून. हा वाण ‘वर्ण’चा: वर्ण, प्राकृत वण्ण, मराठी वाण. मूळ अर्थ रंग. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण म्हणजे बैलाच्या अंगाचा रंगच. पुढं रंगावरून जात, जातीवरून बियाण्याचा प्रकार. आणि बेळगावच्या कापडदुकानात कन्नड गिऱ्हाईक ‘बेरे बण्ण तोरस्री’ म्हणतं, तो बण्णही ह्याच वण्णाचा! आमच्या ओळखीचे एक मास्तर छातीठोक सांगतात की मराठीनं वाण कन्नडातून उचलला. साफ चूक. ही भावंडं आहेत. कन्नडात अशा शब्दांतल्या आरंभीच्या ‘व’चा बऱ्याचदा ‘ब’ होतो: वनाचं बन, वणिजाचा तिकडं बणजिग, इकडं वाणी. उचललाच असता तर आपण शेतात ‘बाण’ पेरले असते.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७६ मध्ये अशा प्रोग्रॅमना ‘कुटुंब’ म्हटलं होतं: आधी सगळ्यांत समान काय ते पाहा, वेगळेपण मागाहून. ठीक आहे, पण त्यातल्या एकेकाला म्हणायचं काय? वाणच म्हणा: एक वाण, दोन वाण, मोजता येतात.

या मुलीकडं आजवर अख्खा प्रोग्रॅम कॉपी करून नव्या गिऱ्हाइकाला दिला जायचा. व्याजाच्या हिशेबातली चूक खानापूरसाठी दुरुस्त झाली, गोकाकला तशीच राहिली. शेजारी बांधून पवळ्याला गुणही लागला नाही.

हां, मूळ प्रश्न. ‘टप्प्याटप्प्यानं’ लिहा. ‘क्रमिक’ शाळेच्या पुस्तकाला शोभतं. आधी पावतीचा भाग तेवढा सामाईक करायचा, तिन्ही वाण त्यावर चालवून बघायचे, मग व्याजाचा भाग घ्यायचा. तोवर बाकीचं आहे तिथंच. आणि ‘अंगीकार’ही काढा, तो व्रताचा होतो. ‘लागू करणे’ पुरे.